हळदीच्या कापडावरचा हात

आखाजीच्या आदल्या दिवशी आमच्या गावच्या नदीकाठच्या कडुलिंबाखाली पाय ठेवायला जागा नव्हती. गिरणा कोरडी पडलेली, ऊन डोक्यावरचा पदर तापवणारं, आणि तरी आजूबाजूच्या गावांमधल्या बाया सकाळपासून रांग धरून बसलेल्या. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, खानदेशातल्या सासुरवाशिणींचा सण. भाऊ मुराळी होऊन सासरी जातो, बहिणीला घेऊन येतो, मग झाडाझाडाला झोके, गाणी, सांजोऱ्या, आमरस आणि आईजवळ वर्षभराचं रडणं. त्या वर्षी कडुलिंबाचा झोका मात्र गुंडाळून वरच्या फांदीला अडकवला होता. खाली पीतांबर महाराजांचं कापड बांधायचं होतं.

कापड पिवळंधमक. दोन खांबांना ताणून बांधलेलं. त्यापुढे एक बाई उभी राहायची, महाराजांचा चेला तिच्या तळहातावर तांब्यातून पाणी सोडायचा, आणि ती ओला हात कापडावर टेकवायची. हात काढला की काही बायांच्या हाताखाली नुसता ओला डाग दिसे, आणि काहींच्या हाताखाली पाचही बोटं लालभडक उमटत. लाल उमटली की रांगेतून एकच सुस्कारा निघायचा आणि आयांचे हात आपोआप जोडले जायचे.

"देखो मैया," महाराज म्हणत, "तोंड खोटं बोलतं. सासू खोटं बोलते. डाक्टर तर शिकूनच येतो खोटं बोलायला. पण हात खोटा बोलत नाही. कापड तर बोलतच नाही."

कापड बोलत नव्हतं म्हणूनच की काय, महाराजांचं तोंड घडीभर बंद नव्हतं. लाल हात म्हणजे कोख जळालेली. कुणाची पूर्वज सवाष्णीने जाळलेली, कुणाची सासूच्या शापाने, कुणाची उंबऱ्यावर बसून खाल्ल्याने. ज्यांच्यावर महाराजांची मर्जी बसे त्यांच्या डागावर ते तीर्थ शिंपडत, मंत्र पुटपुटत, आणि बघता बघता लाल पंजा विरून पुन्हा पिवळा होई. त्या बाईची आई तिथंच जमिनीवर डोकं टेकायची. चेला पुढ्यातलं लुगडं, नारळ, धान्य उचलून मागच्या बैलगाडीत ठेवायचा. गाडी दुपारपर्यंत निम्मी भरली होती.

हे एकोणीसशे सत्त्याऐंशी सालचं सांगते आहे. मी तेव्हा भडगावजवळच्या त्या गावात हायस्कुलात विज्ञान शिकवायची. माझं तोंड फटकळ आहे, हे आधीच सांगून ठेवते. गावात मला मास्तरीनबाई म्हणत आणि पाठीमागे आणखी बरंच काही म्हणत, कारण मी चाळिशीची, बिनलग्नाची आणि एकटी राहणारी. माझं माहेर धुळ्याचं. आई-वडील गेले, घर विकलं गेलं, आणि त्यानंतर आखाजीला मला न्यायला यावं असं कुणी उरलं नाही. शाळेला सुटी लागली की इतर शिक्षक आपापल्या गावी जात. मी खोलीच्या ओट्यावर बसून दुसऱ्यांच्या लेकी येताना बघायची. त्या दिवसांत मला फार एकटं वाटे. सणाच्या दिवसांत तर जेवण करायचाही कंटाळा येई, कारण एका माणसापुरता आमरस करावा असं कुणालाच वाटत नाही.

त्या वर्षी शेजारच्या झुंबरअक्काची कोकिळा आली ती एकटीच आली. एस.टी.तून उतरली, हातात एक पिशवी. मुराळी म्हणून कुणी गेलंच नव्हतं. भाऊ म्हणाला होता, दरवर्षी आणायचं आणि दरवर्षी लोकांनी विचारायचं, काय सांगू मी.

कोकिळा माझी विद्यार्थिनी. आठवीत माझ्या प्रयोगाच्या बाकावर पुढे बसायची. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. संध्याकाळी ती माझ्या ओट्यावर येऊन बसली.

"झोक्यावर गेली नाहीस?" मी विचारलं.

"झोका गुंडाळलाय, बाई. आणि नसता गुंडाळला तरी गेले नसते. मी जवळ गेले की बाया आपलं पोर उचलून कडेवर घेतात. कुणी काही बोलत नाही. नुसतं उचलतात."

"सासरी काय म्हणतात?"

"सासूबाईंनी दुसरी बघून ठेवली आहे. चाळीसगावकडची. त्या म्हणाल्या, महाराजांचं कापड तुझ्या माहेरी येतंय, तर हात लावून ये. पिवळा राहिला तर परत ये. लाल झाला तर तिकडेच राहा, आम्ही हळद लावून मोकळे होऊ."

"आणि भिकन काय म्हणतो?"

भिकन तिचा नवरा. केळीच्या ट्रकवर ड्रायव्हर. माणूस वाईट नव्हता, पण आईपुढे तोंड उघडायची त्याला सवय नव्हती.

"ते काहीच म्हणत नाहीत," कोकिळा म्हणाली. "उद्या गाडी लावून येणार आहेत, कापड काय म्हणतं ते ऐकायला." मग म्हणाली, "बाई, दुसरी आली तर मी कुठं जाऊ? भावाच्या घरात माझं अंथरूण आज दाराजवळ टाकलंय."

 तू माझ्याकडे राहा असं म्हणायला जीभ वळत होती, पण तिला खोली नको होती, तिला तिचं घर हवं होतं. अंधार पडल्यावर मी आत जाऊन दोघींपुरता भात टाकला.

दुसऱ्या दिवशी आखाजी. घरोघरी पितरांच्या घागरी भरून झाल्या, जेवणं झाली, आणि गाव पुन्हा कडुलिंबाखाली लोटलं. पुरुष देवळाच्या ओट्यावर लांब बसलेले. भिकन आलेला, त्यांच्यातच, मान खाली घालून. मी रांगेच्या कडेला उभी होते आणि कापडाकडे कमी, चेल्याकडे जास्त बघत होते. पिवळं कापड लाल का होतं हे त्या दिवशी पहिल्यांदा जवळून बघितलं तेव्हाच मला कळलं होतं. माझ्या आठवीच्या पोरांनाही कळलं असतं. मला कळत नव्हतं ते एवढंच, की काहींचंच का होतं.

चेला भारी गोड माणूस. महाराज मोठ्याने बोलायचे तेव्हा हा रांगेतून हळू फिरायचा, आयांच्या शेजारी उकिडवा बसायचा. "का वं माय, पोरनं लगीन कव्हा जायं? पहिलं लेकरू शे का?" आया बिचाऱ्या पोटातलं सगळं ओतायच्या. मग त्या पोरीची पाळी आली की हाच पाणी घालायचा. त्याच्याजवळ तांब्याचे दोन कलश होते. नवी नवरी आली, कडेवर लेकरू असलेली आली, की उजवा कलश. वर्षानुवर्षं वाट बघणारी आली की डावा. डाव्या कलशाच्या काठावर पांढरी खपली धरलेली होती, आणि चेल्याच्या बोटांची कातडी भिंती रंगवणाऱ्या माणसासारखी फुटलेली होती.

कोकिळाची पाळी आली. चेल्याने डावा कलश उचलला. मी पुढे सरकेपर्यंत तिने डोळे मिटून हात टेकवला होता.

पाचही बोटं लाल.

महाराजांनी मान हलवली. "ही तीर्थानं उतरणारी नाही. ही कोख राख झालीय. पाच पौर्णिमा मैयाचं व्रत कर, मग पुन्हा कापड बघू."

पाच पौर्णिमा थांबायला कोण बसलं होतं. झुंबरअक्का तिथंच खाली बसली. "मन्ही पोरनं काय व्हयी आते," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. कोकिळा रडली नाही. ती आपल्या तळहाताकडे बघत बाजूला झाली आणि बायांनी तिला वाट दिली, जरा जास्तच वाट दिली.

मग माझं डोकं फिरलं. मी सरळ रांगेच्या पुढे जाऊन उभी राहिले. चेला बाहेरगावचा, त्याला मी कोण ते ठाऊक नव्हतं.

"लगीनले किती वर्षं जायात, माय?" त्याने मायेने विचारलं.

"बारा," मी म्हटलं. "पदरात काही नाही."

डावा कलश. गार पाणी, हाताला किंचित बुळबुळीत लागणारं. मी हात टेकवला. लाल.

"सासूचा शाप," महाराज डोळे मिटून म्हणाले. "घरातल्या घरात करणी झालीय. तुझ्या नवऱ्याच्या ताटात—"

पुढचं हशात बुडालं. आधी मागच्या पोरी हसल्या, मग बाया, मग ओट्यावरचे पुरुषही. सरपंच तोतारामआबा काठी टेकत पुढे आले. "महाराज, हाई आमनी मास्तरीनबाई शे. हिनं लगीनच नही जायेल. सासू कोठून लयनात तुम्ही?"

महाराजांनी डोळे उघडले. हार मानतील तर ते महाराज कसले. "गेल्या जन्मीची सासू," ते म्हणाले.

"बरं," मी म्हटलं, "मग या जन्मीच्या एका माणसाचा हात बघू. तुमच्या कापडाने इथं दोन दिवस नुसत्या बाया तपासल्या. आखाजीला लेकी माहेरी येतात, जावई येत नाहीत, हे तुम्हाला पक्कं माहीत होतं. पोर काय एकटी बाई जन्माला घालते का? भिकनभाऊ, या इकडे."

भिकन जागचा हलेना. "माले कशाले?" तो म्हणाला. तोतारामआबांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं, तसा उठला. चेल्याने घाईने उजवा कलश उचलला. मी म्हटलं, "तो नको. ज्यातून यांच्या बायकोला घातलंत, त्यातूनच घाला." चेला घालेना, तर मीच डावा कलश घेतला आणि भिकनच्या हातावर ओतला.

त्याचा रुंद, ड्रायव्हरचा हात. कापडावर टेकवला आणि उचलला. कोकिळाच्या हाताशेजारी तेवढाच लाल.

"जावयाची कोख जळाली," मागून कुणीतरी ओरडलं आणि सगळं झाड हसण्याने हललं. लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. मीही हसत होते. फक्त भिकन हसत नव्हता. त्याच्या तोंडावरचा रंग उतरला होता आणि तो त्या लाल पंजाकडे असा बघत होता, जसं त्याला कुणी भर चौकात नावाने हाक मारली आहे. मला तेव्हा वाटलं, लाजला असेल.

मी उजव्या कलशातलं पाणी कोकिळाच्या दुसऱ्या, कोरड्या हातावर घातलं आणि तिला तो कापडावर ठेवायला लावला. नुसता ओला डाग. तिने हात उचलला, डागाकडे बघितलं, डाव्या कलशाच्या काठावरची पांढरी खपली नखाने खरवडली, आणि हळू आवाजात म्हणाली, "बाई, हा तर आपला हळदीचा कागद."

"मग सांग गावाला," मी म्हटलं.

तिने सांगितलं. आधी माझ्याकडे बघून, मग गावाकडे वळून. आठवीत आम्ही कागद हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवायचो. त्याला साबण लागला की लाल, सोडा लागला की लाल, चुना लागला की लाल. लिंबू पिळलं की पुन्हा पिवळा. हे कापड हळदीत रंगवलेलं आहे. उजव्या कलशात साधं पाणी आहे. डाव्यात चुन्याची निवळी आहे. चुना पाण्यात कालवून ठेवला की खाली बसतो आणि वर पाण्यासारखंच नितळ पाणी राहतं, कुणाला ओळखू येत नाही. आणि तीर्थ म्हणजे लिंबाचा रस.

तोतारामआबांनी आपल्या चंचीतला पानाचा चुना बोटावर घेतला आणि कापडाला पुसला. लाल रेघ उठली. मग त्यांनी महाराजांच्या तीर्थात बोट बुडवून चाखलं आणि तोंड वाकडं केलं. "आंबट शे," ते म्हणाले. आबांनी सांगितल्यावर गावाला आणखी कुणी सांगायची गरज उरली नाही. गाडीतली लुगडी, नारळ ज्याचे त्याने परत उतरवून घेतले. महाराज कापड सोडत सोडतही बोलत होते, की मैया रागावली आहे आणि या गावात पाऊस पडणार नाही. त्या वर्षी पाऊस जेमतेमच झाला, पण तो सगळ्या महाराष्ट्रातच जेमतेम झाला, आणि सगळ्या महाराष्ट्राने काही महाराजांच्या गाड्या रिकाम्या केल्या नव्हत्या.

मी नंतर कोकिळाला विचारलं, "तुला ठाऊक होतं, मग आधी कसं आठवलं नाही?"

"वर्गात कागद लाल व्हायचा, बाई," ती म्हणाली. "इथं माझा हात होता."

गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती. लबाड पळाला, शास्त्र जिंकलं, टाळ्या. पण दिवेलागणीला भिकन माझ्या ओट्याशी येऊन उभा राहिला. आत या म्हटलं तरी आला नाही. चप्पल पायातून काढून, पुन्हा घालून, पुन्हा काढून तो शेवटी पायरीवर बसला.

"बाई, कापडले कसं कळनं?" त्याने विचारलं.

"कापडाला काय कळायचं? सांगितलं ना, चुना होता."

"चुना व्हता ते समजनं. पन बठ्ठा माणसंमा तुम्ही मालेच काब्र बलावं?"

एवढ्या सगळ्यांत त्यालाच का बोलावलं, तर कोकिळाचा नवरा म्हणून, असं मी सांगणारच होते, पण थांबले. त्याच्या आवाजात काहीतरी होतं. मग तो जमिनीकडे बघत बोलत गेला. लग्नाआधी इंदूरच्या रस्त्याला ट्रक चालवायचा. ड्रायव्हर पोरं जिथं जातात तिथं गेला. त्याला परमा हा गुप्तरोग झाला. लघवीला आग, पू, नंतर अंडाला सूज आणि ताप. एका ठिकाणी त्याने दोन सुया टोचून घेतल्या. दुखणं थांबलं तसं औषधही थांबवलं. वर्षाने लग्न झालं, आणि मग पुन्हा थोडी आग सुरू झाली. ती त्याने अंगावर काढली, कोणाला सांगायचं म्हणून. लग्नानंतर काही महिन्यांतच कोकिळाच्या ओटीपोटात कळा यायला लागल्या, अंगावरून पिवळं पांढरं जायचं, थंडी वाजून ताप भरायचा. सासूने काढे दिले. ताप गेला.

"आणि तुम्हाला तेव्हा काही वाटलं नाही?" मी विचारलं.

"वाटनं," तो म्हणाला. "म्हनीसन तर आई दुसरी कर म्हने, तव्हा मी हो म्हनू नही."

"नाही तरी म्हणालात का?"

तो पायरीवरची चप्पल नीट लावत राहिला.

मला त्याचा भयंकर राग आला होता. मी त्याला म्हटलं, "भिकनभाऊ, कापडाला काही कळलं नाही. महाराजाला काही कळलं नाही. मलाही कळलं नव्हतं. या सहा वर्षांत ठाऊक होतं ते फक्त तुम्हाला. तुमची बायको उपास करून करून वाळली, पायी नवस फेडून आली, आज तिने अख्ख्या गावासमोर तो हात बघितला, आणि तुम्ही ओट्यावर बसला होतात." तो रडायला लागला. मी त्याला रडू दिलं. समजूत काढायला मला जमलं नसतं, आणि खरं सांगते, काढावीशीही वाटली नाही.

त्याने त्याच रात्री कोकिळाला सांगितलं की नाही, काय शब्दांत सांगितलं, ते मला माहीत नाही. सकाळी ती दाराशी आली तेव्हा डोळे सुजलेले होते. "जळगावला जायचंय," एवढंच म्हणाली. "तुम्ही चला."

जळगावला नेहेते डॉक्टरीणबाई होत्या, माझ्या ओळखीच्या. त्यांनी पहिलं काय केलं, तर कोकिळाला बाकावर बसवलं आणि भिकनला आत बोलावलं. "पुरुषाची तपासणी सोपी असते," त्या मला म्हणाल्या. "म्हणून ती आधी करायची. पण माझ्याकडे बाया बारा देव फिरून येतात आणि नवरा रस्त्यावर बिडी ओढत उभा असतो."

तपासण्यांना पुन्हा पुन्हा जावं लागलं. कोकिळाचा एक्स-रे फोटोही काढला, आत औषध सोडून. शेवटी नेहेतेबाईंनी दोघांना समोर बसवलं आणि गिरणेच्या पाटाचं उदाहरण दिलं. धरणात पाणी आहे, शेत चांगलं आहे, पण पाटात गाळ बसून तो बुजला तर पाणी शेताला पोचत नाही. परम्याचे जंतू पुरुषाच्या लघवीच्या वाटेने आत शिरतात. वेळेवर आणि पूर्ण औषध घेतलं तर तिथंच मरतात. अर्धवट सोडलं तर अंडामागच्या बारीक नळीपर्यंत जातात, तिथं सूज येते, आणि सूज उतरली तरी नळी चिकटून बसते. भिकनच्या बाबतीत तसं झालं होतं. बीज तयार होत होतं, बाहेर येत नव्हतं. तेच जंतू त्याच्याकडून कोकिळाकडे गेले आणि गर्भपिशवीतून वर चढले, त्याने तिच्या दोन्ही गर्भनळ्या बुजल्या.

"कोख जळाली म्हणतात ते हेच का?" कोकिळाने विचारलं.

"कोख चांगली आहे तुझी," नेहेतेबाई म्हणाल्या. "कुणी जाळली नाही, कुणी शाप दिला नाही. तुला एक आजार झाला आणि त्यावर त्या वेळी औषध मिळालं नाही. पुष्कळ बायांना तर दुखतही नाही, आत नळी बुजत राहते आणि कळतसुद्धा नाही. कधी क्षयाचे जंतू असं करतात, कधी बाळंतपणात किंवा पोट पाडताना अस्वच्छ हात लागले तर होतं. वयात आलेल्या मुलाला गालफुगी होऊन अंडाला सूज आली तर त्याच्यावरही परिणाम होऊ शकतो. मूल न होण्याची दुसरीही कारणं असतात. म्हणून तर दोघांनी यायचं."

"आता काय करायचं?"

"दोघांनी एकाच वेळी औषध पुरं करायचं, म्हणजे आजार उरणार नाही. ऑपरेशन करून बघता येतं. पण अडथळा दोघांकडे आहे. मी तुला खोटी आशा देणार नाही."

कोकिळाने पदर नीट केला आणि मान हलवली. बाहेर आल्यावर एस.टी. स्टँडवर ती एका बाजूला बसली, भिकन दुसऱ्या बाजूला, मध्ये मी. तिथं किती गर्दी होती, आणि इतकी एकटी माणसं मी त्याआधी कधी बघितली नव्हती.

बस यायच्या आधी भिकनने विचारलं, "आईले काय सांगू?"

"मी सहा वर्षं सांगत आले, माझ्यात कमी आहे," कोकिळा म्हणाली. "आता तुमची पाळी."

पुढचं मी डोळ्यांनी बघितलं नाही, कोकिळाने सांगितलं. तिच्या सासरी अंगणात चाळीसगावची माणसं सोयरिकीचं पक्कं करायला बसली होती. सासू भागाबाई पान लावत होत्या. भिकन अंगणात उभा राहिला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "दुसरी पोर आनू नका. कमी मन्हामा शे. हिले जे जायं, तेबी मीच दिधं." भागाबाईंच्या हातातलं पान खाली पडलं. पाहुणे उठून गेले. भाऊबंद महिनाभर कुजबुजले. भागाबाईंनी कोकिळाशी बोलणं टाकलं, पण घराबाहेर काढायची भाषा पुन्हा केली नाही. औषध दोघांनी पुरं केलं. ऑपरेशनही झालं. मूल झालं नाही.

झालं असतं तर गोष्ट गोड झाली असती, आणि महाराजांचे भक्त म्हणाले असते, बघा, मैयानेच दिलं. नाही झालं. कोकिळाने त्याला माफ केलं का, हे मी कधी विचारलं नाही. एकदा ती आपणहून म्हणाली होती, "एका घरात राहतो, बाई. ते माझ्यासाठी पाणी तापवतात. पण रात्री कधी जाग आली की मला वाटतं, मी त्या आजारात एकटीच होते आणि हे शेजारी झोपलेले होते."

पुढच्या आखाजीला भाऊ मुराळी होऊन तिला आणायला गेला. कडुलिंबाचा झोका खाली सोडलेला होता. ती आली, बायांकडे न बघता सरळ झोक्यावर बसली, आणि मला म्हणाली, "झोका द्या, बाई." मी दिला. कुणी पोर उचललं का, ते तिने बघितलं नाही. मी बघितलं. एकीने उचललं, बाकीच्यांनी नाही.

खाली एक नवी लेक गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. पुष्पाबाईंची धाकटी, लग्नाला पुरतं वर्ष नव्हतं झालं. पुष्पाबाई तिच्या गळ्यात ताईत बांधत होत्या. कोकिळाने झोका थांबवला आणि उतरून तिच्याजवळ गेली. कुठं दुखतं, ताप येतो का, अंगावरून जातं का, असं हळू आवाजात विचारत गेली. पोर आधी लाजली, मग रडत सगळं बोलली.

"उद्या जळगावला नेऊ," कोकिळा पुष्पाबाईंना म्हणाली. "ताईत राहू द्या गळ्यात, त्याचं काही नाही. पण जावई कुठं आहे?"

"जावाई कशाले?" पुष्पाबाई म्हणाल्या. "आखाजीले जावाई येतस का?"

"मला कुणी विचारलं नाही, माझा नवरा कुठं आहे म्हणून," कोकिळा म्हणाली. "सहा वर्षं कुणी विचारलं नाही. तुमच्या पोरीचं अजून फार बिघडलेलं नसेल, काकू. दोघांनी वेळेवर औषध घेतलं तर बिघडायचंही नाही. एकट्या हिला नेऊन उपयोग नाही, ती बरी होऊन घरी जाईल आणि पुन्हा तेच होईल."

मला जे सांगायचं ते तिने सांगून टाकलं. माझ्यासारख्या फटकळ बाईला त्यात घालायला फार थोडं उरलं. मूल होत नसेल, दुखत असेल, जळत असेल, तर कापडाला विचारू नका, दोरा-ताइताला विचारू नका, डॉक्टरला विचारा, आणि विचारायला दोघं मिळून जा. कुणी नुसत्या बाईचाच हात बघायला मागितला, तर तिथून उठून या.

पुष्पाबाईंनी ताइताची गाठ पुरी केली. मग त्यांनी मुलाला हाक मारली. आखाजीला आमच्याकडे लेकींना आणायला मुराळी जातो. त्या दिवशी संध्याकाळच्या गाडीने आमच्या गावातून पहिल्यांदाच एक मुराळी जावयाला आणायला गेला.